रेनेसाँकाळातील धार्मिक चित्राची प्रतिकृती घरासाठी रंगवून घेताना

रेनेसाँकाळातील एखाद्या धार्मिक चित्राची हाताने रंगवलेली प्रतिकृती घरात लावायचे ठरले, की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तीच मोजकी जगप्रसिद्ध चित्रे येतात: लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन', मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेली आदामाची निर्मिती, राफाएलची 'सिस्टिन मॅडोना' (मॅडोना म्हणजे येशूची आई मरिया हिचे चित्र). ही चित्रे थोर आहेत यात वाद नाही; परंतु ती घरासाठी रंगवलेली नव्हती. 'शेवटचे भोजन' मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे आणि त्याची रुंदी सुमारे ८८० सेंटिमीटर, तर उंची सुमारे ४६० सेंटिमीटर आहे. ते १२० सेंटिमीटर रुंदीच्या कॅनव्हासवर आणले की उंची जेमतेम ६३ सेंटिमीटर उरते आणि मुळात माणसाहून मोठ्या असलेल्या तेरा व्यक्तींची डोकी लिंबाएवढी होतात. 'तुमच्यापैकी एक जण माझा घात करील' हे येशूचे शब्द ऐकून प्रत्येक शिष्याच्या चेहऱ्यावर आलेला वेगळा धक्का त्या मापात उमटवणे निष्णात चित्रकारालाही जवळजवळ अशक्य असते, आणि जो धक्का हेच त्या चित्राचे सर्वस्व आहे, तो गेल्यावर उरते ते केवळ ओळखीचे दृश्य.

म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की जे चित्र मुळातच कोणाच्या तरी घरासाठी रंगवले गेले होते, किंवा निदान घरात मावेल अशा मापाचे आहे, ते निवडावे. अशी चित्रे पुष्कळ आहेत. पंधराव्या आणि सोळाव्या शतकात फ्लॉरेन्स व व्हेनिसमधील सुस्थितीतल्या घरांत, विशेषतः शयनगृहात, मरिया आणि बाळ येशू यांचे चित्र असणे ही नेहमीची बाब होती, आणि लग्नाच्या निमित्ताने अशी चित्रे मुद्दाम करवून घेतली जात. राफाएलने १५०५-०६ च्या सुमारास रंगवलेली 'गोल्डफिंच पक्ष्याची मॅडोना' फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो नासी यांच्या लग्नानिमित्तची. तिचे माप १०७ × ७७ सेंटिमीटर आहे. मायकेलअँजेलोचे 'दोनी तोंदो' हे १२० सेंटिमीटर व्यासाचे गोल चित्र आन्योलो दोनी यांनी करवून घेतले होते. जोव्हान्नी बेल्लिनी यांची १४८७ सालची, पाठीमागे दोन सडपातळ झाडे असलेली मॅडोना ७४ × ५८ सेंटिमीटरची आहे, तर राफाएलची 'खुर्चीतली मॅडोना' हे ७१ सेंटिमीटर व्यासाचे गोल चित्र आहे. ही मापे साध्या खोलीच्या भिंतीवर जवळजवळ जशीच्या तशी बसतात. प्रतिकृतीतला चेहरा मूळ चित्रातल्या चेहऱ्याएवढा राहतो, चित्रकाराला कुंचला फिरवायला जागा मिळते, आणि पाहणाऱ्याला मूळ चित्रकाराने योजलेल्या अंतरावरूनच चित्र पाहता येते.

चर्चच्या वेदीसाठी रंगवलेल्या एखाद्या भव्य वेदीचित्रावरच मन बसले असेल, तर संपूर्ण चित्र आखडून घेण्याऐवजी त्याचा एक भाग मूळ मापाजवळ रंगवून घेणे अधिक समाधान देते. 'सिस्टिन मॅडोना'मधील मरिया आणि बाळ यांचा कमरेपर्यंतचा भाग वेगळा घेतला, तर त्या दोघांच्या डोळ्यांतील गंभीरपणा पूर्ण मापात मिळतो. मात्र भाग कोठून कापायचा हे चित्रकारावर सोडू नये. छायाचित्रावर कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या ठेवून, हात किंवा पाय अर्धवट तुटणार नाहीत अशी कड स्वतः निवडावी.

प्रसंगाची निवड हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि त्याबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. रोजच्या वावराच्या खोलीत मरिया व बाळ, पवित्र कुटुंब किंवा देवदूत गाब्रिएल मरियेला वार्ता देतो तो प्रसंग शोभतो. वधस्तंभावरील येशू किंवा वधस्तंभावरून उतरवलेला देह ही चित्रे प्रार्थनेच्या शांत कोपऱ्यासाठी ठेवावीत, कारण त्यांच्यासमोर थांबावे लागते. येता-जाता पाहण्याची ती चित्रे नव्हेत. फ्रा आंजेलिको यांनी फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील भिक्षूंच्या खोल्यांत रंगवलेली भित्तिचित्रे याच हेतूची आहेत: मोजके रंग, मोजक्या व्यक्ती, मोकळी भिंत. भित्तिचित्राची प्रतिकृती करवून घ्यायची असल्यास चकचकीत तैलरंग टाळावेत. चुन्याच्या गिलाव्यात मुरलेल्या रंगाला चमक नसते, म्हणून ती अंड्याच्या टेम्पेरात (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत) किंवा मॅट ॲक्रिलिकमध्ये करवून घ्यावी.

मापाचा हिशेब

तयार मापांच्या यादीतून माप निवडणे ही या व्यवहारातील सर्वांत सामान्य चूक आहे. बाजारातील कॅनव्हास ६० × ९० किंवा ५० × ७० अशा ठरावीक मापांत मिळतात आणि चित्र त्यात बसवले जाते. 'सिस्टिन मॅडोना'चे मूळ माप सुमारे २६५ × १९६ सेंटिमीटर आहे. ६० सेंटिमीटर रुंदी धरली तर उंची ८१ सेंटिमीटर यायला हवी. हेच चित्र ६० × ९० मध्ये बसवायचे तर एक तर आकृत्या उभ्या ताणाव्या लागतात, किंवा दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटरहून अधिक भाग कापावा लागतो, आणि मग डावीकडील संत सिक्स्तुस यांचा झगा व उजवीकडील पडदा यांना आवश्यक असलेली मोकळीक जाते. रेनेसाँच्या चित्रकारांनी रचना मोजूनमापून बांधलेली असते. तिची कड दोन बोटे सरकली तरी तोल बिघडतो. म्हणून संग्रहालयाने दिलेले मूळ माप घ्यावे, उंचीला रुंदीने भागून गुणोत्तर काढावे, आपल्या भिंतीनुसार एक बाजू ठरवावी, दुसरी त्या गुणोत्तराने काढावी, आणि कॅनव्हास ताणायचा लाकडी सांगाडा तेवढ्याच मापाचा बनवून घ्यावा. ठरलेल्या मापाचा साधा कागद भिंतीवर दोन दिवस चिकटवून ठेवल्यास माप जास्त होते की कमी, ते आपोआप कळते.

मूळ मापाच्या जवळ जावे असे मी म्हणतो, तरी अगदी तंतोतंत तेच माप ठेवू नये. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्या चित्रकारांनाही आपली प्रतिकृती मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी ठेवावी लागते, जेणेकरून पुढे ती कोणी मूळ म्हणून खपवू नये. हा नियम घरच्या चित्राला लागू नाही, पण त्यामागचा विचार योग्य आहे. ७१ सेंटिमीटरचे गोल चित्र ६० सेंटिमीटरवर आणले तरी चेहऱ्याला काही बाध येत नाही.

कोणते छायाचित्र समोर ठेवायचे

बहुतेक चित्रकार छायाचित्रावरूनच काम करतात, त्यामुळे प्रतिकृतीचे निम्मे भवितव्य त्या छायाचित्रात ठरते. जुन्या पुस्तकांतील किंवा भेटकार्डांवरील चित्रे टाळावीत. अनेक मूळ चित्रांवर शतकानुशतके पिवळे पडलेले वॉर्निश आणि काजळी साचलेली होती, आणि जुनी छायाचित्रे त्या अवस्थेतील आहेत. सिस्टिन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या भित्तिचित्रांची १९८० ते १९९४ या काळात स्वच्छता झाली, तेव्हा तपकिरी वाटणाऱ्या आकृत्यांखालून फिकट हिरवे, केशरी आणि जांभळे रंग वर आले. 'गोल्डफिंच पक्ष्याची मॅडोना' नासी यांचे घर १५४७ मध्ये कोसळले तेव्हा अनेक तुकड्यांत फुटली होती आणि जुन्या डागडुजीच्या थरांखाली झाकोळली होती. दीर्घकाळ चाललेले तिचे संवर्धन २००८ मध्ये पूर्ण झाले आणि मरियेच्या वस्त्रांचा लाल व निळा रंग पुन्हा स्वच्छ दिसू लागला. तेव्हा छायाचित्र संवर्धनानंतरचे आहे ना, हा पहिला प्रश्न. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टसारखी काही संग्रहालये आपल्याकडील चित्रांची उत्तम प्रतीची छायाचित्रे विनामूल्य उतरवून घेऊ देतात; राफाएलची 'स्मॉल काउपर मॅडोना' आणि 'आल्बा मॅडोना' तिथेच आहेत. छायाचित्र पुरेसे आहे की नाही हे पाहण्यासाठी पडद्यावर केवळ डोळा मोठा करून पाहावा. पापणीची कड फुटत असेल तर ते छायाचित्र चालणार नाही.

संवर्धन झालेले असले तरी काही रंग काळाने बदललेलेच असतात. तांब्यापासून केलेला हिरवा अनेक चित्रांत तपकिरी झाला आहे, त्यामुळे झाडे वाळल्यासारखी दिसतात. वनस्पती किंवा कीटकांपासून केलेले लाल रंग फिके पडले आहेत. चौदाव्या-पंधराव्या शतकातील टेम्पेरा चित्रांत त्वचेखाली हिरव्या मातीचा थर देण्याची पद्धत होती, आणि वरचा गुलाबी थर झिजल्यामुळे काही चेहरे आज हिरवट दिसतात. चित्र आज दिसते तसे हवे की रंगवले तेव्हा असावे तसे, हे आधी ठरवावे. माझा कल आज दिसते त्याकडे आहे, कारण मूळ रंगाचा अंदाज बांधता बांधता चित्रकार स्वतःच्या आवडीचे रंग घालू लागतो.

'हाताने रंगवलेले' म्हणजे काय

या शब्दांखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: कॅनव्हासवर छापून त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले चित्र, फिकट छपाईवर रंग भरलेले चित्र, आणि कोऱ्या पृष्ठभागावर रेखाटनापासून रंगवलेले चित्र. पहिल्या प्रकारात फटकाऱ्यांची दिशा आणि आकृती यांचा मेळ बसत नाही. गालाची गोलाई एकीकडे आणि जेलची रेघ दुसरीकडे जाते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग सावलीच्या भागावर धरल्यास छपाईचे बारीक ठिपके दिसतात. दुसरा प्रकार ओळखणे कठीण असते. तिथे मधल्या टप्प्यांची छायाचित्रे मागणे हाच खरा उपाय. हाताने केलेल्या प्रतिकृतींचा मोठा वाटा चीनमधील शेन्झेनजवळच्या दाफेन गावातून येतो, जिथे १९८९ पासून हा उद्योग वाढला. तिथे उत्तम काम करणारे आहेत आणि घाईचे काम करणारेही. गावाच्या नावावरून काहीच ठरत नाही. भूदृश्ये व फुलांची चित्रे उत्तम रंगवणारा चित्रकार चेहऱ्यात कमी पडू शकतो, म्हणून त्याने केलेला रेनेसाँकाळातील एखादा चेहरा आणि एक हात पाहिल्याशिवाय काम देऊ नये.

चेहऱ्यात काय पाहावे, हे नीट सांगायला हवे. चांगल्या मूळ चित्रात ओठांच्या कोपऱ्याला, नाकपुडीला आणि खालच्या पापणीला रेघ नसते. तिथे एक छटा दुसरीत विरघळते. घाईच्या नकलेत याच तीन जागी तपकिरी रेघ ओढलेली असते आणि चेहरा चित्रकथेतल्यासारखा दिसतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे: चित्रकार नकळत चेहरा आजच्या सौंदर्यकल्पनेनुसार सुधारतो. फिलिप्पो लिप्पी किंवा बॉत्तिचेल्ली यांच्या मरियेचे कपाळ उंच, भुवया विरळ, पापण्यांचे केस जवळजवळ नसल्यासारखे आणि ओठ लहान असतात. प्रतिकृतीत भुवया दाट, पापण्या लांब आणि ओठ भरलेले झाले, की आदराने नतमस्तक व्हावे असा चेहरा जाहिरातीतला होऊन बसतो. 'खुर्चीतली मॅडोना'मध्ये मरिया थेट आपल्याकडे पाहते. तिच्या बुबुळाची जागा केसभर सरकली तरी ती नजर कुठेतरी शेजारी जाते आणि आई व मूल यांना जोडणारा धागाच तुटतो. तपासताना मूळ आणि प्रतिकृती या दोन्हींची छायाचित्रे उलटी करून शेजारी ठेवावीत. ओळखीचा चेहरा उलटा झाला की आपण आकार पाहू लागतो आणि चुका ताबडतोब दिसतात.

पृष्ठभाग आणि रंगांचे थर

पंधराव्या शतकातील बहुतेक इटालियन चित्रे पॉप्लरच्या फळीवर, सरस आणि जिप्समच्या गुळगुळीत पांढऱ्या अस्तरावर रंगवलेली आहेत. कॅनव्हासचा प्रसार पुढे, विशेषतः व्हेनिसमध्ये झाला. त्यामुळे बेल्लिनीच्या मॅडोनाच्या गालावर कापडाची वीण दिसू लागली तर ते विसंगत आहे. लहान चित्रासाठी चांगल्या प्रतीच्या प्लायवूडची फळी घ्यावी. मोठ्यासाठी बारीक विणीचे लिनन घेऊन त्यावर जेसोचे (पांढऱ्या अस्तराच्या लेपाचे) तीन-चार थर द्यावेत आणि प्रत्येक थर घासून घ्यावा. गोल चित्राला फळीच बरी, कारण गोल सांगाड्यावर कापड सुरकुतीविना ताणणे अवघड असते.

रंगवण्याची पद्धत हीच किमतीतील आणि दर्जातील फरकाचे मूळ आहे. एका बैठकीत सरळ रंग मिसळून केलेले चित्र लांबून ठीक वाटते, पण त्यात उजेड आतून येत नाही. ज्या चित्रांचे आपण बोलतो आहोत त्यांत आधी राखाडी किंवा मातकट रंगात संपूर्ण उजेड-सावली बांधलेली असते, आणि ती वाळल्यावर तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगांचे थर एकावर एक दिलेले असतात. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो आणि वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा जास्त ठेवावे लागते, नाहीतर पुढे तडे जातात. म्हणून अशा चित्राला दोन-तीन महिने लागणे स्वाभाविक आहे, आणि दहा दिवसांत पाठवतो म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

मरियेच्या निळ्या झग्यावर मात्र विशेष लक्ष द्यावे. मूळ चित्रांत त्यासाठी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द दगड कुटून केलेला निळा वापरत, आणि तो इतका महाग असे की करारात त्याची प्रत लिहिली जाई. एकोणिसाव्या शतकात तोच रंग कृत्रिमरीत्या तयार होऊ लागला, त्यामुळे आज अल्ट्रामरीन सहज मिळतो आणि प्रतिकृतीत तोच असावा. त्याच्या जागी थॅलो निळा हा आधुनिक कृत्रिम रंग वापरला की झगा हिरवट, थंड आणि प्लॅस्टिकसारखा दिसतो. चित्रकाराशी ठरवताना हा एक रंग नावानिशी लिहून घ्यावा.

सोन्याचेही तसेच. तेजोवलय किंवा वस्त्राची किनार मुळात सोन्याच्या वर्खाची असेल, तर सोनेरी रंगाने ती साधत नाही. तो रंग काही कोनांतून निव्वळ करडा दिसतो. तांबूस मातीच्या लेपावर चढवलेला खरा वर्ख उजेडाबरोबर बदलतो आणि काळवंडत नाही. पितळी वर्ख स्वस्त असतो, पण त्यावर संरक्षक लेप दिला नाही तर काही वर्षांत काळा-हिरवा पडतो. संपूर्ण पार्श्वभूमी सोनेरी असलेले चित्र बजेटमध्ये बसत नसेल, तर केवळ बारीक सोनेरी वलय असलेले चित्र निवडून त्यात खरे सोने वापरलेले बरे.

काम देताना चार टप्प्यांवर छायाचित्रे मागावीत: रेखाटन, एकरंगी बांधणी, पहिले रंग आणि पूर्ण चित्र. दुरुस्ती सुचवायची ती पहिल्या दोन टप्प्यांत. रंग चढल्यावर डोळा सरकवणे म्हणजे चेहरा पुन्हा रंगवणे असते, आणि कोणताही चित्रकार ते आनंदाने करत नाही. चित्र दुरून येणार असेल तर ते रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळून यावे. रंगाची बाजू आत राहिली तर थर चुरगळतो. फळीवरील चित्र अर्थातच सपाट खोक्यात.

चौकट, जागा आणि निगा

चौकटीसाठी सपाट पट्टी आणि तिच्या आतल्या-बाहेरच्या कडांना साधी नक्षी असलेली इटालियन पद्धतीची चौकट सर्वांत शोभते. वेलबुट्टीने भरलेली भरघोस सोनेरी चौकट दोन शतकांनंतरच्या अभिरुचीची आहे आणि शांत चित्राला ती दाबून टाकते.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. मात्र प्रार्थना बसून किंवा गुडघे टेकून होत असेल तर तितका खाली घ्यावा, कारण मरियेची नजर डोक्यावरून जाण्यात अर्थ नाही. थेट ऊन टाळावे. दिवा वरून सुमारे तीस अंशांच्या कोनात आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे रंगदर्शकांक (CRI) ९० च्या वर असलेला घ्यावा. तैलचित्रासाठी संग्रहालये साधारण २०० लक्सपर्यंत उजेड ठेवतात आणि घरातही त्याहून जास्त लागत नाही. मेणबत्ती किंवा धूप चित्राच्या अगदी खाली लावू नये. जुन्या वेदीचित्रांवर साचलेली काजळी मुख्यतः तिथूनच आली आहे. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लावणे भाग असेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळती राहते.

तैलरंग वरून कोरडे वाटले तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागते, त्यामुळे शेवटचे वॉर्निश त्यानंतरच द्यावे. चित्र हाती येताना ते दिलेले नसणे हा दोष नसून काळजीचे लक्षण आहे. डमार राळेचे वॉर्निश कालांतराने पिवळे पडते, म्हणून न पिवळणारे आणि पुढे काढता येईल असे कृत्रिम वॉर्निश मागावे. धूळ मऊ, कोरड्या, रुंद कुंचल्याने वरून खाली झटकावी. ओला कपडा, तेल, पाव किंवा बटाट्याची फोड यांपैकी काहीही चित्राला लावू नये. हे घरगुती उपाय वरचा थर झिजवतात किंवा त्यात अन्नाचा अंश सोडतात.

शेवटी चित्राच्या मागे, सांगाड्यावर किंवा फळीवर, न पुसणाऱ्या शाईने मूळ चित्रकाराचे व चित्राचे नाव, मूळ चित्र जिथे आहे ते संग्रहालय, प्रतिकृती करणाऱ्याचे नाव, वर्ष, वापरलेले रंग आणि वॉर्निशची तारीख लिहून ठेवावी. बेल्लिनीच्या १४८७ च्या मॅडोनावर पुढच्या कठड्यावरच त्यांची सही आणि साल आहे, आणि ती अक्षरे रचनेचा भाग असल्याने प्रतिकृतीतही उतरतात. अशा चित्राच्या बाबतीत तर 'प्रतिकृती' हा शब्द मागे ठळक, मोठ्या अक्षरांत लिहावा.